स्टेजवरचा 'महाराजा सोफा' कोणत्या महाराजांचा?

नांदेड-लातूरकडच्या मंगल कार्यालयांत नवरा-नवरीसाठी स्टेजवर सोनेरी नक्षीचा, लाल मखमलीचा सोफा हमखास मांडलेला असतो. त्याला 'महाराजा सोफा' म्हणतात. आपल्या राजेरजवाड्यांच्या दरबारात अशीच आसनं असायची, असं बहुतेकांना मनापासून वाटतं.

त्या सोफ्याचे पाय नीट पाहा. वर फुगलेले, मग आत वळलेले, खाली पुन्हा बाहेर आलेले. पाठीच्या माथ्यावर शिंपला आणि वेलबुट्टी. हा घाट फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या काळातला, म्हणजे 1715 ते 1774 मधला. त्याला रोकोको म्हणतात. तिकडे कोरीव लाकडावर सोन्याचा वर्ख चढवत. आपल्याकडे सोनेरी रंगावर भागतं. छत्रपतींच्या सिंहासनाची गोष्ट वेगळी, पण पेशव्यांच्या दरबारात बैठक जमिनीवरच असे: गादी, लोड, तक्के. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट 1790 साली पुण्यात तहासाठी पेशव्यांच्या दरबारात आला, त्या दरबाराचं चित्र थॉमस डॅनियलने 1805 मध्ये पूर्ण केलं. त्यात साहेब मंडळीही खालीच बसलेली दिसतात.

मग हा थाट निजामाचा असेल, असं कोणी म्हणेल. सप्टेंबर 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानातच होतो, त्यामुळे या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. 1893 च्या सुमारास पुरा झालेला फलकनुमा महाल आतून युरोपीय पद्धतीनेच सजवलेला आहे. पण तोवर पंधरावा लुई जाऊन शंभरावर वर्षं झाली होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, 1837 ते 1901 मध्ये, युरोपात जुन्या फ्रेंच वळणांची हौस पुन्हा उसळली होती. हैदराबादच्या उमरावांना भुरळ पडली ती या नव्याने घडवलेल्या जुन्याची. इकडे गावातल्या वाड्याच्या ढेलजेत सतरंजी आणि तक्केच होते.

'लुई स्टाइल' ही एकच शैली, हाही असाच एक समज. चौदाव्या लुईचं फर्निचर भारदस्त आणि काटेकोर समतोल साधणारं. सोळाव्याच्या काळात पाय सरळ, खाली निमुळते, उभ्या खाचांचे. 1748 पासून पाँपेई खणून निघू लागलं आणि रोमन साधेपणाची ओढ लागली, हे त्यामागचं एक मोठं कारण.

खुर्च्यांचा आणखी एक घाट ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो इंग्लंडचा चिपेंडेल मात्र राजा नव्हता, सुतार होता. 1754 मध्ये त्याने नमुन्यांचं पुस्तक काढलं आणि ते पाहून दूरदूरचे कारागीर खुर्च्या घडवू लागले. चिपेंडेल घाटाची प्रत्येक खुर्ची त्याच्या हातची नसते, ती यामुळेच.

मला सर्वांत खटकतो तो वेगळाच समज. वेताने विणलेली खुर्ची आणि फुलाफुलांचे पडदे म्हणजे अस्सल इंग्रजी, असं आपण धरून चालतो. वेत इंग्लंडात उगवतच नाही. 1660 नंतर पूर्वेच्या व्यापारातून तो तिथे रुळला. आणि फुलांचं ते कापड म्हणजे आपली छीट! कुतुबशाहीच्या मछलीपट्टण बंदरातून ती जहाजं भरभरून गेली. तिच्यापुढे तिकडच्या विणकरांचा धंदा बसू लागला, तेव्हा फ्रान्सने 1686 ते 1759 छापील सुती कापडावर बंदी घातली. इंग्लंडनेही 1721 मध्ये तोच मार्ग धरला. आपल्याच किनाऱ्यावरची कला आपण परक्यांच्या नावावर मांडावी, याचं वाईट वाटतं.

जुनी खुर्ची विकत घेताना काळपट पॉलिश आणि कोरीवकाम पाहून 'अँटिक' मानू नका. ती उलटी करून पाहा. हाताने कापलेले सांधे थोडे कमीजास्त असतात. फुलीच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आले. मूळ जोडणीतच ते दिसले, तर खुर्ची व्हिक्टोरियाच्या काळातली असूच शकत नाही. नंतरच्या दुरुस्तीत मात्र ते बसवलेले असू शकतात, म्हणून एक नव्हे, सगळे सांधे तपासा.