विद्येसाठी पूर्वेकडे : जपानी विद्यापीठांतील अभ्यासक्रम

सन १९१५ च्या अखेरीस मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची जी कल्पना मांडली, तिची प्रेरणा त्यांना टोकियोच्या जपानी महिला विद्यापीठाची माहिती देणाऱ्या एका पुस्तिकेतून मिळाली होती. जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली स्थापन केलेल्या त्या संस्थेचा वृत्तांत वाचून महाराष्ट्रातील एका शिक्षकाने आपल्या कार्याची दिशा ठरवावी आणि १९१६ साली पुण्यास महिला विद्यापीठ सुरूही करावे, ही आपल्या शैक्षणिक इतिहासातील महत्त्वाची घटना होय. असे असूनही परदेशी शिक्षण म्हटले की आपल्या सुशिक्षित कुटुंबांची दृष्टी प्रथम इंग्लंड-अमेरिकेकडे वळते, आणि आशिया खंडातच उत्तम विद्यापीठे आहेत, तेथे आपल्या मुलामुलींसाठी रीतसर अभ्यासक्रम आहेत, हा विचार फार उशिरा सुचतो, किंवा सुचतच नाही.

सिंगापूर, दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग या सर्वच ठिकाणी आज परदेशी विद्यार्थ्यांचे स्वागत होते. परंतु त्या सर्वांचा आढावा एका लेखात घेऊ गेल्यास हाती केवळ नावांची जंत्री उरेल. म्हणून येथे जपानपुरतेच लिहिण्याचे योजिले आहे. अभ्यासक्रमांचे वैविध्य तेथे विपुल आहे, आणि कोणत्या भाषेतून शिकावयाचे, हा परदेशगमनातील मूलभूत प्रश्न जपानइतक्या स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच समोर येतो.

परदेशी विद्यार्थ्यांस सरकारी शिष्यवृत्ती देण्याची जपानची योजना १९५४ सालापासूनची आहे. महायुद्धातील विध्वंसातून देश नुकता कोठे सावरत असताना ती सुरू झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे १९८३ साली पंतप्रधान नाकासोने यांच्या कारकिर्दीत परदेशी विद्यार्थ्यांची संख्या एक लाखावर नेण्याचा संकल्प झाला. २००८ साली तीन लाखांचे लक्ष्य ठरले, आणि २०१९ पर्यंत ते पारही पडले. आता २०३३ पर्यंत चार लाखांचा बेत आहे. जन्मदर घटल्यामुळे ओस पडू लागलेले वर्ग भरणे, हे या उदारपणामागील एक व्यावहारिक कारण असले, तरी विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचा परिणाम हितकारकच झाला आहे. आजमितीस तेथे चीन, नेपाळ आणि व्हिएतनाम या देशांचे विद्यार्थी सर्वांत अधिक आहेत. नेपाळसारख्या लहान देशाच्या मानाने भारतीयांची संख्या मात्र फारच थोडी आहे.

जपानमध्ये विद्यापीठे आठशेच्या आसपास आहेत. त्यांपैकी ऐंशीहून काही अधिक राष्ट्रीय, सुमारे शंभर प्रांतिक वा नागरी सत्तेच्या आश्रयाखालील, आणि उरलेली बहुसंख्य खाजगी. प्रथम पदवीची मुदत चार वर्षांची. वैद्यक, दंतवैद्यक आणि पशुवैद्यक यांची सहा वर्षांची. त्यानंतर पदव्युत्तर पदवीस दोन वर्षे आणि डॉक्टरेटसाठी साधारणतः तीन वर्षे. शालेय शिक्षण बारा वर्षांचे असावे ही अट आपल्याकडील बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी सहज पुरी करतो. शैक्षणिक वर्षाचा आरंभ एप्रिलमध्ये, चेरीच्या फुलांच्या हंगामात होतो. परंतु परदेशीयांसाठी योजिलेले अनेक अभ्यासक्रम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात, आणि मे-जूनमध्ये निकाल हाती पडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांस तेच सोयीचे पडते.

प्रवेशाचे मार्ग तीन, आणि ते भाषेच्या निकषावरच एकमेकांपासून वेगळे होतात. पहिला मार्ग इंग्रजी माध्यमाचा. २००९ साली सरकारने तेरा विद्यापीठांची निवड करून त्यांना इंग्रजीतून पदवी देणारे अभ्यासक्रम वाढविण्यास साहाय्य दिले, आणि त्यानंतर या मार्गाचा विस्तार झपाट्याने झाला. नागोया विद्यापीठात रसायन, जीवशास्त्र, सामाजिक शास्त्रे यांच्याबरोबरच मोटारनिर्मितीचे अभियांत्रिकी शिक्षण इंग्रजीतून मिळते. टोयोटाचा कारखाना ज्या परगण्यात आहे तेथे हा विषय विशेष रुजावा हे स्वाभाविकच होय. सेन्दाईच्या तोहोकु विद्यापीठात यांत्रिक व अवकाश-अभियांत्रिकी, रसायन आणि सागरी जीवशास्त्र हे विषय घेता येतात. टोकियोतील वासेदा आणि सोफिया या खाजगी विद्यापीठांत मानव्यविद्यांचे व्यापक शिक्षण, तर केइओत अर्थशास्त्र इंग्रजीतून शिकविले जाते. क्यूशू बेटावरील बेप्पु या उष्णोदकाच्या झऱ्यांसाठी विख्यात असलेल्या गावी २००० साली स्थापन झालेल्या रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठात तर निम्म्याच्या आसपास विद्यार्थी परदेशी असतात. अशा ठिकाणी प्रवेशासाठी बारावीचे गुण, इंग्रजीच्या प्रभुत्वाचा दाखला, निबंध आणि मुलाखत यांवर मुख्य भिस्त असते; काही ठिकाणी सॅटसारख्या परीक्षेचे गुणही मागतात.

दुसरा मार्ग मधला आहे, आणि तो आपल्याकडे फारसा परिचित नाही याचे मला वाईट वाटते. यात प्रवेशसमयी जपानी येत नसली तरी चालते, परंतु विद्यापीठ वा सरकार ती शिकविण्याची जबाबदारी स्वतःकडे घेते आणि मग मुख्य शिक्षण जपानीतून होते. क्योतो विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय पदवीपूर्व अभ्यासक्रम याच धर्तीचा आहे. पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीची सरकारी शिष्यवृत्तीही मुख्यतः याच पठडीतील होय : सामान्यतः तिची मुदत पाच वर्षांची असून पहिले वर्ष निव्वळ भाषा व पूर्वतयारी यांना दिलेले असते. शिक्षणशुल्क माफ, जाण्यायेण्याचा विमानप्रवास सरकारी खर्चाने, आणि अलीकडच्या वर्षांत दरमहा १,१७,००० येनच्या आसपास निर्वाहवेतन, अशी तिची व्यवस्था आहे. अर्ज भारतातील जपानी वकिलातीमार्फत करावयाचा, लेखी परीक्षा व मुलाखत द्यावयाची, आणि निवड झाल्यास पुढील एप्रिलात रुजू व्हावयाचे. या शिष्यवृत्तीपोटी नोकरीचे बंधन लिहून द्यावे लागत नाही, ही गोष्टही पालकांनी ध्यानात घ्यावी.

तिसरा मार्ग संपूर्ण जपानी माध्यमाचा. परदेशी विद्यार्थ्यांसाठी २००२ पासून एक स्वतंत्र प्रवेशपरीक्षा घेतली जाते. ती जून आणि नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते, आणि तीत जपानी भाषा, गणित, विज्ञान तसेच ‘जपान आणि जग’ हे विषय असतात. भाषेखेरीजचे विषय इंग्रजीतूनही देता येतात, पण विद्यापीठातील वर्ग जपानीतच भरणार हे उघड आहे. हा मार्ग पत्करणारे बहुतेक विद्यार्थी आधी वर्ष-दोन वर्षे तेथील भाषाशाळेत काढतात. दैनंदिन व्यवहारासाठी निश्चित केलेली चिनी लिपीतील चिन्हेच २,१३६ असल्यामुळे या काळाला पर्याय नाही. श्रम मोठे असले, तरी या मार्गाने जाणाऱ्यास शेकडो विद्यापीठांतील झाडून साऱ्या विद्याशाखा मोकळ्या होतात.

पदव्युत्तर शिक्षणाची रीत निराळी आहे. तेथे विद्यार्थी विद्यापीठाकडे जातो त्याआधी एका प्राध्यापकाकडे जातो. आपल्या संशोधनविषयाचा मसुदा पाठवून अमुक प्राध्यापक मार्गदर्शन करण्यास राजी आहेत किंवा नाहीत, हे प्रथम विचारावयाचे. त्यांनी संमती दिल्यावर बहुधा सहा महिने ते वर्षभर पदवीविना संशोधक-विद्यार्थी म्हणून राहावयाचे. आणि या मुदतीत प्रवेशपरीक्षा देऊन रीतसर नाव दाखल करावयाचे. आपल्या विद्यार्थ्यांस ही पद्धत प्रथम विलंबाची वाटते. परंतु विषय, गुरू आणि प्रयोगशाळा यांची पारख करून घेण्यास इतकी चांगली संधी अन्यत्र सहसा मिळत नाही. ओकिनावातील विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने याहून वेगळा पंथ धरला आहे. तेथे केवळ डॉक्टरेटचेच शिक्षण असते, तेही पाच वर्षांचे, इंग्रजीतून आणि आर्थिक साहाय्यासह. ज्यांना पदवी नको, केवळ अनुभव हवा, त्यांच्यासाठी तोहोकु, ओसाका, क्योतो आदी विद्यापीठांत एका सत्राचे वा एका वर्षाचे इंग्रजी अभ्यासक्रम आहेत. मात्र ते बहुतांशी आपल्या विद्यापीठाचा त्यांच्याशी विनिमयाचा करार असेल तरच लाभतात.

जे घरी शिकता येते तेच शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा असे मला वाटत नाही. म्हणून जपानमध्येच ज्यांचे मर्म उत्तम रीतीने उमजेल अशा काही विषयांचा निर्देश करतो. त्यांत भूकंपशास्त्राचे स्थान अग्रभागी आहे. टोकियो विद्यापीठाची भूकंप-संशोधन संस्था १९२५ सालची, क्योतोची आपत्ती-निवारण संशोधन संस्था १९५१ सालची. त्सुकुबा येथील आंतरराष्ट्रीय भूकंपशास्त्र व भूकंप-अभियांत्रिकी संस्थेत विकसनशील देशांतील अभियंते आणि शास्त्रज्ञ वर्षभराचे प्रशिक्षण घेऊन पदव्युत्तर पदवीही मिळवितात. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या प्रदेशाने सोसला, त्या प्रदेशातील तरुणांना या विद्येचे मोल निराळे सांगावयास नको. कृषीविषयक अध्ययनासाठी होक्काइदो विद्यापीठ प्रसिद्ध आहे. ते १८७६ साली साप्पोरोचे कृषिमहाविद्यालय म्हणूनच जन्मास आले. संगणकशास्त्रासाठी १९९३ साली उघडलेले आइझु विद्यापीठ आहे. आणि व्यंगचित्रकथेची कला शास्त्रशुद्ध रीतीने शिकावयाची असल्यास क्योतोच्या सेइका विद्यापीठाने २००६ साली त्यासाठी स्वतंत्र विद्याशाखाच उभारली आहे.

आणि एक विषय असा आहे की, त्यात भारतीय विद्यार्थी रित्या हाताने जात नाही. बौद्ध धर्माचे चिनी भाषांतरांत टिकून राहिलेले विशाल वाङ्मय जपानी पंडितांनी १९२४ ते १९३४ या दशकात संपादून प्रसिद्ध केले, आणि त्यातील कित्येक ग्रंथांची संस्कृत मूळ प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या वा डेक्कन कॉलेजच्या परिसरात संस्कृत-पाली शिकलेला विद्यार्थी टोकियो, क्योतो वा ओतानी विद्यापीठात जाऊन जपानी आणि प्राचीन चिनी यांची जोड मिळवील, तर आपल्याच परंपरेचा हरपलेला भाग त्याला परक्या लिपीतून वाचता येईल. या कामास आज आपल्याकडे माणसे अगदी थोडी आहेत.

आता खर्चाविषयी. राष्ट्रीय विद्यापीठांचे प्रमाण वार्षिक शुल्क ५,३५,८०० येन आणि प्रवेशशुल्क २,८२,००० येन असे दीर्घकाळ चालत आले आहे. टोकियो विद्यापीठाने २०२५ पासून आपले शुल्क ६,४२,९६० येन केले, आणि परदेशीयांकडून अधिक शुल्क घेण्याची मुभाही आता राष्ट्रीय विद्यापीठांस मिळाली आहे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या त्या वर्षीचा आकडा पाहणे इष्ट. खाजगी विद्यापीठांत हीच रक्कम दहा लाख येनच्या आगेमागे जाते, विज्ञानशाखांत त्याहून चढते. उलटपक्षी, गरजू व गुणी विद्यार्थ्यांस अर्धे वा पूर्ण शुल्क माफ करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो हे ठाऊक नसल्याने कित्येकजण त्या सवलतीस मुकतात. परवाना काढल्यास विद्यार्थ्यास आठवड्यास अठ्ठावीस तासांपर्यंत काम करता येते. परंतु त्या मिळकतीवर शुल्काची तजवीज करण्याचा बेत कोणी करू नये, कारण त्यात अभ्यासाचा बळी जातो.

काही सावधगिरीही आवश्यक आहे. जपानमधील वैद्यकीय शिक्षण जवळजवळ सर्वस्वी जपानीतून होते, आणि परदेशी वैद्यकीय पदवी घेऊन येथे व्यवसाय करू इच्छिणाऱ्याचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेले असावे अशी आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाची अट आहे. तेव्हा डॉक्टर होऊन स्वदेशी परतण्याच्या हेतूने जाणाऱ्याने या वाटेस न लागणेच श्रेयस्कर. इतर पदव्यांच्या बाबतीतही त्यांस भारतात समकक्ष मान्यता मिळेल की नाही, याची खातरजमा जाण्यापूर्वीच करावी. परतल्यावर दप्तरोदप्तरी हेलपाटे घालण्याची वेळ येऊ देऊ नये.

हे सर्व तपशील पाहिल्यानंतर मूळ प्रश्न उरतोच : तीन मार्गांपैकी कोणता स्वीकारावा? माझे मत असे आहे की, ज्याच्या विषयाला आणि परिस्थितीला शक्य असेल त्याने दुसरा वा तिसरा मार्ग धरावा, आणि इंग्रजी मार्गाने जाणाऱ्यानेही भाषेचे अध्ययन आपल्या पदवीचाच एक भाग मानावा. याचे कारण जपानी विद्यापीठाच्या रचनेत आहे. तेथील खरे शिक्षण व्याख्यानगृहापेक्षा प्राध्यापकाच्या संशोधनकक्षात होते. दर आठवड्याच्या चर्चासत्रात, उपकरण हाताळण्याची रीत ज्येष्ठ विद्यार्थ्याकडून शिकताना, प्रयोग फसल्यावर त्याची कारणे सर्वांनी मिळून धुंडाळताना होते. व्याख्यान इंग्रजीत असू शकेल, परंतु हा सहवास जपानीतच चालतो. पुढे नोकरीचा विचार केला तरी हेच दिसते : कंपन्यांची भरती पदवी हाती पडण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते, मुलाखती बहुधा जपानीतच होतात, आणि भाषा न येणाऱ्यास पुष्कळशा जागा आपोआप बंद होतात. उत्तम पदवी असूनही केवळ भाषेअभावी परतावे लागणे, ही टाळता येण्याजोगी हानी होय.

या बाबतीत महाराष्ट्रातील विद्यार्थी सुदैवी आहेत. पुणे हे जपानी भाषेच्या अध्यापनाचे भारतातील एक प्रमुख केंद्र आहे. रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या वर्गांत, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात आणि अनेक खाजगी वर्गांत ही भाषा वर्षानुवर्षे शिकविली जात आहे, आणि जुलै व डिसेंबरातील पाच श्रेणींची जपानी भाषा-परीक्षा देण्याचीही येथे सोय आहे. अकरावीत असतानाच ज्याने या वर्गांत नाव घातले, तो बारावीनंतर दोन श्रेणी ओलांडून, भाषेची प्राथमिक तयारी घेऊन जाऊ शकतो. परदेशी शिक्षणाची सिद्धता प्रवेशाच्या अर्जापासून नव्हे, तर या वर्गातील पहिल्या दिवसापासून धरावी. आणि ज्या पालकांना मुलास पूर्वेकडे पाठविण्याची इच्छा आहे, त्यांनी विमानाच्या भाड्याचा हिशेब मांडण्याआधी त्या वर्गाची फी भरावी, इतकेच माझे आग्रहाचे सांगणे आहे.