तेरचं हरवलेलं कापड

इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पॉम्पेई गाडलं गेलं. 1938 साली तिथल्या उत्खननात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती निघाली. अंगावर ठसठशीत दागिने, घडण अस्सल भारतीय. तिच्याशी साधर्म्य असलेली हस्तिदंती मूर्ती सापडली ती थेट धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी, गोरोबाकाकांच्या तेरला! गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या मातीतून निघणाऱ्या अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्यांच्या संग्रहातून तेरचं संग्रहालय उभं राहिलं.

इंटिरियर डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींना ‘स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयाचा कन्सेप्ट करा’ असा प्रोजेक्ट मिळतो, तेव्हा त्यांनी तेर घ्यावं असं मला मनापासून वाटतं. साइट व्हिजिट, टेप लावून घेतलेली मापं, मूड बोर्ड, सनबोर्डचं मॉडेल हे सगळं ओघाने होतंच. पण त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: या गावाची कोणती गोष्ट सांगायची?

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या माहितीपुस्तकात तेर भेटतं, ‘तगर’ या नावाने. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर. तिथून गाड्यांमधून, वाट नसलेल्या मुलखातून माल भडोचच्या बंदराला जायचा. आणि माल कसला? मुख्यतः कापड. साधं जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल.

आता संग्रहालयात काय काय आहे ते बघा. मणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या केओलिन मातीच्या साच्यातल्या मूर्ती, शिशाची सातवाहन नाणी, हस्तिदंत. ज्या मालाने गाव नावारूपाला आलं, ते कापड मात्र कधीच मातीत कुजून गेलं. जे उरलंच नाही ते दाखवायचं कसं? विद्यार्थ्यांच्या कल्पनाशक्तीला यापेक्षा सुंदर आव्हान मला तरी सुचत नाही.

एक उत्तर प्रकाशाच्या शास्त्रातून मिळतं. मराठवाड्यातल्या दुपारच्या उन्हात साधारण 1 लाख लक्स उजेड असतो. हस्तिदंताला दीडशे-दोनशे लक्सच्या वर उजेड देऊ नये असा संकेत आहे. रंगवलेलं कापड आणि जलरंगातली चित्रं यांना तर जेमतेम 50. प्रकाशाने झालेली इजा भरून येत नाही आणि ती साठत जाते. 50 लक्सचे दहा तास आणि 500 लक्सचा एक तास, दोन्हींचं नुकसान साधारण सारखंच. उन्हातून आलेल्या माणसाला एवढ्या मंद उजेडात सुरुवातीला काहीच नीट दिसत नाही. डोळे सरावायला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं त्याला कुठेतरी घालवू द्यायची, हे डिझाइनरचं काम.

मग दरवाजापासून मूर्तीपर्यंतच्या वाटेवर हातमागाचं कोरं सुती कापड उंचावरून सोडलं तर? आधी विरळ, मग दाट. प्रत्येक पडद्यागणिक उजेड उतरत जाईल, आणि पाहुणा तगरच्या मालामधून चालत मूर्तीपाशी पोचेल तोवर त्याची नजर तयार झालेली असेल. हरवलेलं कापड परत येऊन हस्तिदंताची राखण करतंय! मूर्ती कोणत्या उंचीवर ठेवायची हेही इथेच ठरतं. मोठ्या माणसाच्या नजरेची पातळी दीड मीटरच्या आसपास असते. सहलीला आलेली तिसरीतली पोरं आणि व्हीलचेअरवरच्या आजी त्याच्या बरंच खालून बघतात. मी त्यांच्या बाजूने कौल देईन. मोठ्यांना थोडं वाकता येतं.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट मात्र शिशाच्या नाण्यांची. दोन हजार वर्षं मातीत तग धरलेलं नाणं प्लायवुडच्या नव्याकोऱ्या शोकेसमध्ये काही वर्षांत पांढरी भुकटी धरू शकतं. लाकूड, प्लाय, एमडीएफ यांतून सेंद्रिय आम्लांची वाफ सतत झिरपत असते. बंद काचेच्या आत ती कोंडते आणि शिसं खाऊ लागते. इंटिरियरवाल्यांचं सर्वांत लाडकं साहित्यच या नाण्यांचं वैरी निघतं.

यावर ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी 1973 साली एक चाचणी सुचवली. जे साहित्य वापरायचं त्याचा तुकडा, थोडंसं पाणी आणि चांदी, तांबं व शिसं यांच्या चकचकीत पट्ट्या एका काचनळीत बंद करायच्या आणि 60 अंश सेल्सिअसला ठेवायच्या. पट्ट्या काळवंडल्या किंवा त्यांच्यावर भुकटी आली, तर ते साहित्य बाद. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओव्हन असेल तर हे विद्यार्थ्यांनाही जमण्याजोगं आहे, फक्त चाचणी 28 दिवस चालते. म्हणून शोकेसचं ड्रॉइंग काढायच्या आधी, सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात नळ्या लावून टाकाव्यात: एकीत प्लाय, एकीत पावडर कोटिंग केलेला पत्रा, एकीत पडद्यासाठी निवडलेलं कापड, आणि तुलनेसाठी एक नळी नुसत्या पट्ट्यांची.