बिल्ड स्क्रिप्टही कोडच असते

पुल रिक्वेस्टमध्ये सी भाषेच्या चार ओळी बदललेल्या असतील तर त्यावर तासभर काथ्याकूट होतो. त्याच रिक्वेस्टमधली कॉन्फिगर स्क्रिप्ट मात्र ‘ते बिल्डचं आहे’ म्हणून न वाचताच मंजूर होते. हा समज धोक्याचा आहे आणि एक्सझेड युटिल्सच्या प्रकरणानंतर तो कुठल्याच टीममध्ये उरायला नको होता.

एक्सझेड हे लिनक्सवर सर्वत्र वापरलं जाणारं कॉम्प्रेशनचं सॉफ्टवेअर. 29 मार्च 2024 रोजी पोस्टग्रेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं, की त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर आहे. एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्यांनी माग काढला होता.

‘गिटमधला सोर्स वाचला की झालं’ असं अनेकांना वाटतं. इथे मूळ दुष्ट तुकडा कॉम्प्रेस केलेल्या चाचणी-फाइलींच्या रूपात गिटमध्येच पडून होता, पण तो उलगडून बिल्डमध्ये घुसवणारी एमफोर मॅक्रोची फाइल गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. ऑटोटूल्स वापरणाऱ्या प्रकल्पांत तयार झालेली कॉन्फिगर फाइल टारबॉलमध्ये घालण्याची जुनी पद्धत आहे. त्यामुळे टारबॉलमध्ये चार फाइली जास्त दिसल्या तर कुणाला वावगं वाटत नाही. म्हणून टारबॉल एखाद्याच्या लॅपटॉपवर न बनवता टॅगवरून आपोआप, आणि दुसऱ्या कुणालाही तंतोतंत तसाच बनवता येईल असा तयार व्हावा.

‘बिल्ड झाला म्हणजे कॉन्फिगरेशन बरोबर’ हा समज त्याहून फसवा. एक्सझेडमध्ये हे बॅकडोअर घालणाऱ्या खात्यानेच सीमेकच्या फाइलमध्ये आणखी एक बदल केला होता. लिनक्सची लँडलॉक ही संरक्षणाची सोय उपलब्ध आहे का, हे पाहायला सीमेक एक छोटा सी प्रोग्रॅम कम्पाइल करून बघतं. त्या प्रोग्रॅमच्या एका ओळीत एकच टिंब टाकलं गेलं. टिंबामुळे प्रोग्रॅम कम्पाइल होईना, मग स्क्रिप्टने ‘सोय नाही’ असं धरलं आणि बिल्ड सुखरूप पार पडला. ना एरर, ना वॉर्निंग. अशा प्रत्येक तपासणीचं खरं उत्तर जिथे ‘हो’ आहे अशा मशीनवर सीआयने तेच उत्तर मागावं आणि ‘नाही’ आलं तर बिल्ड तिथेच थांबवावा.

‘माझ्याकडे चालतं’ हेही असंच. मेकफाइलमध्ये एखादी डिपेंडन्सी लिहायची राहिली तरी कामं एकामागून एक होतात तोवर सगळं सुरळीत असतं. समांतर बिल्ड लावला, की कधी चालतं, कधी मोडतं. लोक पुन्हा चालवून पाहतात, ते पास होतं आणि चूक जिथल्या तिथे राहते. पुन्हा चालवण्याआधी लॉग वाचायलाच हवा.

शेवटचा समज म्हणजे बिल्ड हे एका जाणकाराचं खातं. पोस्टग्रेसमध्ये 2023 च्या 16 व्या आवृत्तीपासून जुन्या मेकबरोबर मेसन ही दुसरी बिल्ड प्रणालीही आहे. तिथे नवी सी फाइल आली की तिचं नाव दोन्हीकडे नोंदवावं लागतं, आणि ते काम फाइल आणणाऱ्यानेच त्याच पॅचमध्ये करायचं असतं.