जिभेखालची दहा मिनिटं

केंद्र नऊला उघडतं, पण साडेआठलाच दारात सात-आठ जण उकिडवे बसलेले असतात. मध्य मुंबईत, रुळांपासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्यांची जागा आहे. तिचं नाव-पत्ता लिहायचा नाही, ही तिथल्यांची पहिली अट. गल्लीत बोभाटा झाला की घरमालक जागा खाली करा म्हणतो. संपादकांनी मला पाठवलं होतं 'व्यसनमुक्ती'वर लिहायला. तिथल्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी तो शब्द खोडला. "मुक्ती-बिक्ती नाही देत आम्ही. गोळी देतो."

गोळी ब्युप्रेनॉर्फिनची, 0.4 आणि 2 मिलिग्रॅम अशा दोन मापांची. सिस्टर वहीत सही घेतात, ठरलेल्या गोळ्या कुटतात आणि भुकटी समोरच्याच्या जिभेखाली टाकतात. मग त्याने बाकावर बसायचं. गिळायचं नाही, बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. पाच ते दहा मिनिटांनी हुकूम येतो: "जीभ वर." पांढरं दिसलं तर परत बाकावर. अख्खी गोळी गालात दाबून बाहेर नेता येते, विकता येते, पाण्यात विरघळवून शिरेत टोचता येते. भुकटीचं तसं करणं अवघड. मी चार दिवस त्याच बाकाच्या टोकाला बसलो. एरवी शिव्यांशिवाय वाक्य न बोलणारी माणसं तिथे मौनव्रत घेतल्यासारखी बसतात. कुणी गुडघ्यावर बोटांनी ताल धरतं, कुणी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहतं.

ही गोळी करते काय? सिस्टरांनी लोकलच्या भाषेत समजावलं. गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉईन, मेंदूतल्या ठरावीक सीटांवर बसतं. ब्युप्रेनॉर्फिन त्याच सीटा पकडतं, आणि एकदा बसलं की सहजी उठत नाही. मागाहून गर्द आलं तरी उभंच राहतं. गंमत अशी, की सीट पकडूनही हे फार दंगा करत नाही. टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, लागत नाही एवढंच बघतं. डोस वाढवत नेला तरी एका मर्यादेपुढे श्वास आणखी मंदावत नाही, त्यामुळे नुसत्या या औषधाने जीव जाणं दुर्मीळ. वर दारू किंवा 'बटण', म्हणजे झोपेच्या गोळ्या, घेतल्या तर मात्र हे संरक्षण उरत नाही.

यातच एक हट्टी अडचण आहे. सीटवर गर्द आधीच बसलेलं असताना ही गोळी दिली, तर ती त्याला ढकलून उठवते आणि माणूस काही वेळात भयंकर टर्कीत जातो. म्हणून पहिला डोस शेवटच्या गर्दनंतर निदान आठ-दहा तासांनी, टर्की सुरू झाल्यावरच. जांभया, वाहणारं नाक, अंगावर काटा, पोटात पिळे. ज्या यातना टाळायला माणूस नशा करतो, त्या आधी थोड्या भोगून यायचं. सिस्टर प्रत्येकाच्या डोळ्यांत बघतात. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी असेल तर गर्द अजून अंगात आहे.

इतिहास सांगायचा तर 1980च्या दशकात एडिंबरात सुया मिळेनाशा केल्या, लोकांनी एकच सुई वाटून घेतली आणि टोचणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना एचआयव्ही झाला. 1990च्या सुमारास मणिपुरात तेच झालं. नवी सुई द्या, टोचण्याऐवजी जिभेखालचं औषध द्या, हा विचार त्या धक्क्यातून बळावला. सरकारी एड्स कार्यक्रमात ही गोळी 2007-08 च्या सुमारास आली. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने अशा सेवेला गुन्ह्यातून स्पष्ट सूट दिली. मुंबईच्याच 'संकल्प' या संस्थेने वाटून घेतलेल्या सुईतूनच पसरणाऱ्या हेपटायटिस सी वरच्या, रॉश कंपनीच्या महागड्या इंजेक्शनच्या पेटंटला आव्हान दिलं आणि 2012 मध्ये ते रद्द करवलं. ज्यांना रस्ता 'गर्दुल्ले' म्हणतो, त्यांच्यासाठी काम करणाऱ्या एका ट्रस्टने!

तरी मला हे पचायला वेळ लागला, ते कबूल करतो. आमची पिढी 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्राच्या गोष्टींवर वाढली. 1986 साली डॉ. अनिता अवचटांनी उभं केलेलं, पुलं-सुनीताबाईंनी पाठीशी राहून मोठं केलेलं. त्या गोष्टींच्या शेवटी माणूस सुटायचा. इथे सहा वर्षं रोज येणारा एक हमाल आहे. सुटलेला नाही. बायको परत आलीय, मुलगी दहावीला आहे. हे यश की अपयश, असं विचारल्यावर सिस्टर म्हणाल्या, "मधुमेहाच्या पेशंटला विचारता का, इन्शुलिन कधी सुटणार?"

पण ही गोळी रोजची आहे, आणि सगळं दुखणं त्या 'रोज'मध्ये आहे. नाक्यावर सकाळी उभं राहिलं तरच काम मिळतं, आणि केंद्र उघडतं नऊला. गावी बापाच्या दहाव्याला गेलेला मधल्या चार दिवसांत पुन्हा गर्दवर जातो. कोविडच्या टाळेबंदीत घरी न्यायला डोस द्यायची मुभा मिळाली, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा आपल्यावर कुणी भरवसा ठेवलाय असं वाटलं. बायका फारच कमी येतात. या बाकावर बसायला बाईला पुरुषापेक्षा किती तरी जास्त धैर्य लागतं. अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम 27 अजून आहे: हेरॉईन घेतल्याबद्दल वर्षापर्यंत कैद. उपचाराला स्वतःहून गेल्यास 64-अ ची सूट आहे, पण ती रात्री दोनला फलाटावर कोण वाचून दाखवणार? तुरुंगात सवय मोडते, शरीराची सहनशक्ती उतरते. सुटल्यावर तोच जुना डोस घेतला की श्वास थांबतो. नॅलोक्सोनचं एक इंजेक्शन तेव्हा माणसाला परत आणू शकतं, पण शेजारी बसलेल्या मित्राच्या खिशात ते नसतं. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीने देशात टोचून नशा करणारे सुमारे साडेआठ लाख मोजले. या बाकावर एका वेळी सहा माणसं मावतात.

शेवटच्या दिवशी एक पोरगा आला, पाच दिवस गायब असलेला. "सिस्टर, कालपासून काही नाही घेतलं." सिस्टरांनी बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीएवढ्या.

"खोटं नको बोलूस. आत्ता गोळी दिली तर लोळशील. उद्या ये, टर्की लागली की."

"उद्यापर्यंत काय करू?"

सिस्टरांनी खण उघडला, पाकीटबंद दोन सिरिंज, सुया आणि स्पिरिटचा कापूस त्याच्या हातावर ठेवला. "हेच वापर. कुणाला देऊ नको. जुन्या परत आण."

त्याने पाकीट शर्टाच्या आत सरकवलं आणि रुळांच्या बाजूला गेला. सिस्टरांनी वहीत त्याच्या नावापुढचा रकाना रिकामा ठेवला आणि पुढच्याला हाक मारली.