हुकूम आणि अंमल

बीजकोशातून निघालेला इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा हुकूम रक्तावाटे सर्व शरीरभर फिरतो खरा. परंतु तो रुजू करून घेणारा कारभारी ज्या पेशीत नेमलेला असेल, तेथेच त्याचा अंमल होतो. हा कारभारी म्हणजे ‘ग्राही’ नावाचे प्रथिन. संप्रेरक येऊन भिडताच ते प्रथिन डीएनएवर जाऊन बसते आणि ठराविक जनुकांना कामाला लावते.

ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी एका स्त्रीचे बीजकोश काढले आणि तिच्या स्तनातील असाध्य मानलेला कर्करोग ओसरला, हे १८९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या कारभाऱ्याची कोणास वार्ताही नव्हती. त्याचा माग शिकागोच्या एलवुड जेन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावलेल्या संप्रेरकाच्या साहाय्याने काढला. पुढे टॅमॉक्सिफेन या औषधाने या ग्राहीची वाट अडवून स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांचा रागरंगच पालटला.

मग हुकूम जेथून सुटतो, त्या बीजकोशाच्याच कर्करोगावर हा इलाज का चालू नये? या रोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या, उच्च श्रेणीच्या सिरस प्रकारात दहांपैकी सुमारे आठ गाठींत इस्ट्रोजेनग्राही सापडतो. तथापि टॅमॉक्सिफेनने आकसणाऱ्या गाठी थोड्याच. टीपी५३ या रखवालदार जनुकाचा बिघाड जवळजवळ प्रत्येक अशा गाठीत असतो, आणि तिची वाढ संप्रेरकावाचूनही चालू राहते. कारभारी दप्तरात हजर असतो, पण कारभार परस्पर चाललेला असतो.

बीजकोशाचा कर्करोग हा एक रोग नसून अनेक रोगांचे कुळ आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. २,९३३ स्त्रियांच्या गाठी तपासणाऱ्या २०१३च्या अभ्यासात एंडोमेट्रिऑइड प्रकारात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या दोन्ही संप्रेरकांच्या ग्राहींचे अस्तित्व दीर्घ आयुष्याशी निगडित दिसले. उच्च श्रेणीच्या सिरस प्रकारात मात्र ते श्रेय केवळ प्रबळ प्रोजेस्टेरॉनग्राहीकडे गेले. केमोथेरपीला फारशी दाद न देणाऱ्या निम्न श्रेणीच्या सिरस प्रकाराची कैफियत तर निराळीच. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या २०३ रुग्णांच्या पाहणीत, प्राथमिक उपचारांनंतर संप्रेरकरोधक औषधे चालू ठेवलेल्यांत रोग पुन्हा बळावेपर्यंतचा मध्यक काळ सुमारे ६५ महिने, तर नुसत्या देखरेखीखाली राहिलेल्यांत सुमारे २६ महिने भरला. ही जुन्या नोंदींची पाहणी होती, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. म्हणून तिच्यावरून अखेरचा निवाडा करता येत नाही.

तात्पर्य, ‘ईआर पॉझिटिव्ह’, म्हणजे इस्ट्रोजेनग्राही सापडला, ही एकच ओळ दोन स्त्रियांच्या अहवालांत सारखीच उमटली, तरी एकीच्या बाबतीत ती उपचाराची दिशा ठरवील आणि दुसरीच्या बाबतीत नुसती नोंद होऊन राहील. म्हणून ती वाचण्यापूर्वी वरच्या ओळीतील गाठीचा प्रकार वाचावा.