‘मंडळी’ जेवायला बसली तेव्हा

नागपुरात सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलसमोर उभं राहून कुणालाही ‘चर्च कुठे आहे?’ असं विचारलं, तर बोट त्या वास्तूकडेच जाईल. मराठी बायबलात मात्र चर्चसाठी शब्द आहे ‘मंडळी’. मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’चा अर्थही तोच : जमलेली माणसं. आरंभीच्या ख्रिस्ती समाजाविषयीचे बरेच गैरसमज हा शब्द नीट ऐकला की आपोआप सुटतात.

पहिली दोनेक शतकं मंडळी घरांतच भरत असे. सीरियातल्या ड्युरा युरोपस इथे उत्खननात सापडलेलं, इ.स. 240 च्या सुमाराचं प्रार्थनास्थळ म्हणजे भिंत पाडून मोठं केलेलं एक राहतं घरच आहे.

दुसरा समज असा, की या लोकांनी खासगी मालमत्ता सक्तीने बंद केली होती. नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक वाचलं तर चित्र वेगळं दिसतं. बर्णबा नावाच्या अनुयायाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवले, ते स्वखुशीने. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याला दोष लागला तो खोटं बोलल्याचा. जमीन तुझीच होती, हे प्रेषित पेत्र हनन्याला स्पष्ट सांगतो. यरुशलेमेत मार्क नावाच्या अनुयायाच्या आईचं घर तिच्याकडेच होतं आणि मंडळी तिथेच प्रार्थनेला जमत असे.

म्हणून सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे एकत्र जेवणाला, खातेपीते लोक आधीच जेवून घेत. कुणी पिऊन तर्र होई, गरीब उपाशी राहत. प्रेषित पौलाने पत्रातून त्यांची चांगलीच कानउघाडणी केली : एकमेकांसाठी थांबा. मालक आणि दास एका पंगतीला बसवणं सोपं नव्हतं. तरीही ते घडत होतं, आणि या समाजाची खरी नवलाई मला इथेच दिसते. इ.स. 112 च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनीने बादशहाला कळवलं, की हे लोक ठरल्या दिवशी पहाटे ख्रिस्ताचं स्तोत्र गातात, चोरी न करण्याची शपथ घेतात आणि नंतर साधं अन्न एकत्र खातात. यातलं खरंखोटं काढायला त्याने दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्या ‘सेविका’ होत्या.

हा धर्म युरोपात जन्मला आणि इंग्रजी राज्याबरोबर इकडे आला, हाही समज पक्का आहे. पहिले अनुयायी यहुदी होते. ‘ख्रिस्ती’ हे नाव त्यांना प्रथम अंत्युखिया शहरात मिळालं. केरळातली मंडळी तर इंग्रजांच्या कितीतरी शतकं आधीची. आणि मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले तेव्हा गादीवर भोसले होते. राज्य खालसा झालं 1854 मध्ये.

त्या जुन्या पंगतीची ओढ इथे पुन्हापुन्हा दिसते. सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच एकत्र आल्या आणि उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं. त्याआधी, नागपूर सोडून राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला होता. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1917 मध्ये साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.