डोंगरवाटा आणि पुस्तके

प्रवासाची हौस मराठी माणसाला नवी नाही. पंढरीची वाट पायीच चालावयाची, हा संस्कार त्याच्यावर शतकानुशतके झालेला आहे. तथापि दूरच्या तीर्थक्षेत्रांची आणि थंड हवेच्या ठिकाणांची खडान्‌खडा माहिती असलेल्या कित्येकांना आपल्याच जिल्ह्यातील डोंगराचे नाव सांगता येत नाही. काशी आणि काश्मीर पाहिलेली मंडळी घरापासून वीस कोसांवरच्या अरण्याविषयी अगदी अनभिज्ञ असतात. अंतर जवळचे असले की ओळखही आपोआप होते, असा एक समज यामागे आहे. आणि तो खरा नाही. जवळच्या प्रदेशाची ओळख करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी दोन साधने पुरेशी होतात: चालणारे पाय आणि वाचणारे डोळे.

पायी भटकंती, अरण्यातील एक-दोन दिवसांचा मुक्काम आणि नव्या पुस्तकांचे वाचन हे तीन छंद सामान्यतः निरनिराळ्या स्वभावांच्या माणसांचे समजले जातात. चालणारा वाचत नाही आणि वाचणारा घर सोडीत नाही, अशी कल्पना असते. वास्तविक हे छंद एकमेकांना पुरे करणारे आहेत. पुस्तक वाचून गेलेल्याला डोंगर अधिक दिसतो, आणि डोंगर चालून आलेल्याला पुस्तक अधिक उमगते.

सह्याद्रीतील एका साध्या झुडपाचे उदाहरण घ्यावे. कारवी हे ते झुडूप होय. पश्चिम घाटाच्या उतारांवर, मुंबईजवळ कान्हेरीच्या लेण्यांभोवतालच्या राष्ट्रीय उद्यानात, भीमाशंकरच्या आणि हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर ते सर्वत्र आढळते. एरवी त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. चढणीवर हाताला आधार देणारी एक काठी, एवढीच त्याची ओळख असते. परंतु हे झुडूप साधारणपणे सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. त्या वर्षी पावसाळा ओसरू लागला की डोंगरच्या डोंगर जांभळ्या-निळ्या फुलांनी झाकले जातात आणि मधमाश्यांच्या गुंजारवाने रान भरून जाते. मग बी धरते, झुडपे वाळतात आणि पुढच्या पावसाच्या सरींबरोबर सुकलेली बोंडे तडतड फुटून बी भोवताली फेकले जाते. पिढीच्या पिढी एकदम फुलते आणि एकदम संपते. उतारावरची माती धरून ठेवण्याचे काम हीच झुडपे करतात, आणि त्यांच्याच काठ्यांचा कूड उभारून, त्यावर माती लिंपून डोंगरातील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली घरे उभी केली. ज्याला हे ठाऊक नाही तो कारवीच्या रानातून चालत गेला तरी त्याने ती पाहिली असे म्हणता येणार नाही. ज्याने हे वाचले आहे त्याला वाळलेली कारवीसुद्धा बोलकी वाटते, आणि फुलोऱ्याच्या वर्षाची तो वाट पाहू लागतो.

अशी दृष्टी देणारी पुस्तके मराठीत आहेत, हे भाग्यच म्हणावयाचे. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ 1956 मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षाच्या एकेका महिन्यात निसर्ग कसा पालटतो, याचे त्यातील वर्णन आजही ताजे वाटते. ते चैत्रात वाचावे आणि चैत्रातच बाहेर पडावे. श्रावणातील प्रकरण श्रावणात वाचावे. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांनी तर आयुष्याची कित्येक वर्षे गडकिल्ल्यांच्या वाटा तुडविण्यात घालविली. ‘दुर्गभ्रमणगाथा’ हे त्या भ्रमंतीचे फळ. आणि राजमाचीच्या परिसरात एकाकी राहणाऱ्या वृद्धाची ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी वाचून जो राजमाची चढतो, त्याला ती माची निव्वळ इतिहासाची जागा वाटत नाही, ती कोणाचे तरी घर वाटते.

पुस्तक जसे झाडाकडे पाहावयास शिकविते, तसे वाटेकडेही. घाटमाथ्यावरील जुन्या वाटा कोणी, कधी आणि कशासाठी पाडल्या, हा विचार चालताना क्वचितच मनात येतो. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती म्हणून जगन्मान्य झाले. परंतु पुण्याच्या भोवतालचे डोंगर त्यांनी पायी धुंडाळले आणि त्या चालण्यातून इतिहासाचा एक नवा विचार मांडला. 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात आडरानातील मातृदेवतांच्या स्थानांवर एक निबंध आहे. गावाबाहेर, शेंदूर फासलेल्या एखाद्या धोंड्याच्या रूपाने बसलेली देवी तेथेच का बसली, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्या स्थानांच्या आसपास त्यांना अश्मयुगीन माणसाची गारगोटीची चिमुकली हत्यारे सापडली. त्यावरून त्यांनी असे अनुमान केले की, ऋतुमानाप्रमाणे गुरे घेऊन फिरणाऱ्या प्राचीन टोळ्यांच्या वाटा जेथे एकमेकींना मिळत, तेथे ही दैवते उभी राहिली. पुढे त्याच वाटांवरून व्यापारी तांडे जाऊ लागले आणि त्यांच्या लगतच बौद्ध भिक्षूंची लेणी कोरली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरा देवीचे मंदिर का, हा प्रश्न या विचाराच्या प्रकाशात पाहिला म्हणजे त्या चढणीला निराळाच अर्थ प्राप्त होतो. कोसंबींची सर्वच अनुमाने सर्व विद्वानांना मान्य आहेत असे नाही. परंतु डोंगराला प्रश्न कसा विचारावा हे त्यांच्याकडून शिकता येते.

नाणेघाट हे अशा वाचनाचे आणखी एक उत्तम स्थळ. कोकणातील वैशाखरे गावाच्या बाजूने चढून वर आले म्हणजे माथ्यावर एक दगडी रांजण दिसतो. जकातीचे नाणे यात टाकीत, अशी परंपरागत समजूत आहे. तेथील गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन राजघराण्याने केलेले यज्ञ, दिलेली दाने आणि त्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. राणी नागनिकेचे नाव या लेखाशी निगडित आहे. राजकुटुंबातील व्यक्तींचे पुतळेही येथे होते. आज त्यांच्या पावलांचे अवशेष आणि नावे तेवढी राहिली आहेत. वाचून न आलेला पाहुणा या गुहेत भाकरी सोडतो, क्षणभर विसावतो आणि निघून जातो. वाचून आलेला मात्र तेवढ्याच वेळात सातवाहनांच्या जकातनाक्यावर उभा राहून, घाट चढून येणाऱ्या बैलांच्या घंटा ऐकतो.

गडांकडून अरण्यांकडे वळले म्हणजे वाचनाची गरज कमी होत नाही, उलट वाढते. महाराष्ट्रात ताडोबा हे 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. नवेगावला तो दर्जा 1975 मध्ये मिळाला. नागझिरा अभयारण्य 1970 पासूनचे, आणि 2013 मध्ये नवेगाव व नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात पर्यटकाला मनास येईल तसे पायी हिंडता येत नाही. ठरलेल्या वाटेने, वनखात्याच्या नियमाप्रमाणे वाहनातूनच जावे लागते, आणि वन्यजीवांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु याचा एक अनिष्ट परिणाम असा की, वाघ दिसला तर सहल सफल आणि न दिसला तर विफल, असा हिशेब रूढ झाला आहे. एका वाघाच्या शोधात शेकडो सागवान, ऐन, मोह आणि धावडे नजरेआड केले जातात.

या रोगावर औषध पुस्तकातच सापडते. व्यंकटेश माडगूळकर हे दीर्घकाळ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर होते. त्यांनी नागझिऱ्याच्या रानात मुक्काम करून ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. रान कसे पाहावे, किती स्तब्ध राहावे, क्षुद्र वाटणाऱ्या हालचालीलाही किती महत्त्व द्यावे, याचा तो वस्तुपाठ आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे काढली, आणि अरण्यात राहणाऱ्या माणसांकडून जे शिकले ते मराठीत आणले. पक्ष्यांच्या, झाडांच्या आणि रानातील व्यवहारांच्या कितीतरी नावांची त्यांनी नोंद केली. जेथे शब्द नव्हता तेथे नवा घडविला. कावळ्यांच्या वसाहतीला त्यांनी ‘काकागार’ म्हटले, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’. 2025 च्या जूनमध्ये ते निवर्तले. अरण्यातील ज्या वृद्धांकडून ही नावे मिळत, तेही एकेक करून जात आहेत. ज्या वस्तूला आपल्या भाषेत नाव उरत नाही, ती नाहीशी झाली तरी कोणाला चुटपुट लागत नाही. म्हणूनच या पुस्तकांचे मोल केवळ करमणुकीचे नाही.

नवेगावचा विस्तीर्ण तलाव पाहून तो निसर्गनिर्मित आहे, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात पूर्व विदर्भातील कोहळी समाजाने बांधलेल्या अनेक तलावांपैकी तो एक आहे. शेतीसाठी अडविलेल्या पाण्यावर दूरदेशीचे पक्षी हिवाळ्यात उतरू लागले. मनुष्याचे कर्तृत्व आणि निसर्गाचे वैभव येथे एकमेकांत कसे मिसळले आहे, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते वाचलेले असावे लागते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा मार्ग तितकाच खुला आहे. जबलपूर किंवा रायपूरकडील रहिवाशांना कान्हा हे अरण्य परके नाही. तेथे 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाने 1963 ते 1965 या काळात तेथे राहून हरणांचा आणि वाघांचा अभ्यास केला. त्यावरील त्याचा ग्रंथ 1967 मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचणाऱ्याची दृष्टी वाघाआधी कुरणातील चितळ आणि बारशिंगे शोधू लागते. कारण ती आहेत म्हणून वाघ आहे. कान्ह्यातील बारशिंगे 1970 च्या सुमारास अवघी 66 उरली होती. कुरणे राखल्यामुळे ती पुन्हा वाढली. हे ठाऊक असलेल्याला बारशिंग्यांचा साधा कळप दिसला तरी सहलीचे सार्थक झाल्यासारखे वाटते.

नव्या पुस्तकांविषयी मात्र थोडे तारतम्य बाळगावे लागते. गड आणि अरण्ये यांवर दरवर्षी पुस्तके निघतात. त्यांतील काही पायांनी लिहिलेली असतात, तर काही केवळ इतर पुस्तके समोर ठेवून. दोहोंतील भेद ओळखणे अवघड नाही. जो लेखक स्वतः चालला आहे, तो कोणत्या ऋतूत गेला हे सांगतो. गडावरचे कोणते टाके पिण्याजोगे आणि कोणते मार्चनंतर आटते, हे त्याला माहीत असते. झाडांची स्थानिक नावे तो देतो, आणि वाट दाखविणाऱ्या गावकऱ्याचे ऋण मान्य करतो. तरीही पुस्तकावर सर्वस्वी विसंबू नये. दरड कोसळून वाट बदलते, पावसाळ्यात ओढा अडवितो, नियम पालटतात. पायथ्याच्या गावात चौकशी केल्यावाचून चढू नये. वाटाड्या घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. पुस्तकात न सापडणारे एखादे प्रकरण त्याच्या बोलण्यात हमखास सापडते.

या छंदाला खर्चही फारसा पडत नाही. महिन्यातून एक सुटी, पाठीवर भाकरी-पाणी, गावच्या ग्रंथालयातून आणलेले एखादे पुस्तक आणि टिपणासाठी छोटी वही, एवढी सामग्री पुरते. जाण्यापूर्वी पुस्तक वाचावे, तेथे ते मिटून ठेवावे, आणि परतल्यावर पुन्हा उघडावे. तिसऱ्या वेळचे हे वाचन सर्वांत आनंदाचे असते, कारण तेव्हा छापील ओळींत आपण चाललेली वाट दिसू लागते. लेखकाच्या नजरेतून निसटलेले काही आपल्या वहीत सापडले, तर आनंदाला पारावार राहत नाही. मुलांना बरोबर घेऊन जे असे हिंडतात, ते प्रदेश आणि भाषा या दोन्हींचा वारसा एकाच वेळी त्यांच्या हाती देत असतात.